थंडीत जास्वंद रुसली? उपटू नका, पाणी आवरा आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबा

निफाड : थंडीचा कडाका वाढला की तालुक्यात द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, कांद्याच्या रोपांची आणि गव्हाच्या पाण्याची चर्चा सुरू होते. त्याच थंडीत अंगणातलं एक झाड मुकाट्याने मार खात असतं, पण त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ते झाड म्हणजे जास्वंद. पावसाळ्यात रोज ओंजळभर फुलं देणारी जास्वंद डिसेंबर लागला की पिवळी पडते, कळ्या न उमलताच गळतात, शेंड्याची पानं काळवंडतात. घरात सगळ्यांचं एकच मत होतं, झाडाला रोग लागला. मग कुणी युरिया टाकतं, कुणी औषध मारतं, कुणी रोज बादलीभर पाणी ओततं. जानेवारी संपेपर्यंत झाड वाळतं आणि उपटून उकिरड्यावर जातं.

खरी गोष्ट अशी की आपल्याकडच्या थंडीने जमिनीतली जुनी जास्वंद सहसा मरत नाही. ती थांबते. थांबलेल्या झाडाला खत आणि पाणी देत राहिलं की मुळं सडतात आणि झाड त्याने मरतं. घरच्या एका झाडापुरता हा प्रश्न असेल तर फार बिघडत नाही. पण ज्यांनी बांधाला, विहिरीच्या कडेला किंवा दोन-चार गुंठ्यांत जास्वंद लावली आहे आणि संकष्टीला, अंगारकीला कळ्या बाजारात देतात, त्यांच्यासाठी हे वर्षभराचं नुकसान ठरतं. त्यात माघी गणेश जयंती जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. म्हणजे फुलाला मागणी असते नेमकी तेव्हाच झाडावर फूल नसतं. म्हणून थंडीत जास्वंदीचं काय होतं आणि काय करायचं, काय टाळायचं, हे समजून घेतलेलं बरं.

भेंडीची चुलत बहीण

जास्वंद, भेंडी, कपाशी आणि अंबाडी ही एकाच कुळातली झाडं. भेंडी थंडीत का थांबते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. डिसेंबरात भेंडी टाकली तर बी लवकर उगवत नाही, उगवली तर हातभर वाढायला महिना लागतो. जास्वंदीचंही तसंच आहे. आपल्या अंगणातली लाल जास्वंद मूळची उष्ण प्रदेशातली. शास्त्रीय भाषेत तिला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस म्हणतात, म्हणजे चीनचा गुलाब. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिची नोंद केली. ज्या मलेशियात वर्षभर ऊन आणि पाऊस असतो, त्या देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे. यावरूनच तिला कसं हवामान मानवतं ते लक्षात यावं.

तापमानाचा हिशेब ढोबळमानाने असा आहे :

- २० ते ३२ अंश : वाढ जोरात, फुलं रोज.
- १५ अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की वाढ मंदावते. कळी तयार व्हायला जास्त दिवस लागतात, फूल लहान पडतं.
- १० अंशांच्या खाली झाड जवळजवळ थांबतं. खालची पानं पिवळी पडून गळतात, कळ्या गळतात.
- ५ अंश आणि त्याखाली : कोवळे शेंडे आणि पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात.
- शून्याजवळ, म्हणजे दहिवर गोठण्याच्या वेळी : वरच्या फांद्या मरतात. जुन्या झाडाचा बुंधा आणि मूळ बऱ्याचदा वाचतं. कोवळं रोप मात्र जातं.

थंडीत जे फूल उमलतं ते उशिरा उमलतं. एरवी सकाळी सात-साडेसातला उघडणारं फूल दहा वाजेपर्यंत अर्धवट मिटलेलं राहतं. मात्र एक फायदाही होतो. उन्हाळ्यात संध्याकाळी मिटणारं फूल थंडीत कधी कधी दुसऱ्या दिवशीही टिकतं.

पान पिवळं पडण्याची तीन कारणं

पिवळं पान दिसलं की लगेच युरिया टाकण्याची सवय मोडायला हवी. आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघावं.

पहिलं कारण थंडीच. झाडाच्या खालची, जुनी पानं एकेक करून पिवळी पडतात आणि गळतात. झाड स्वतःचा भार कमी करत असतं. याला कोणताही उपाय करायचा नाही.

दुसरं कारण पाणी. जमीन थंड झाली की मुळांचं पाणी ओढण्याचं काम मंदावतं. वर वाढ थांबलेली असते, त्यामुळे झाडाला पाणी लागतही नाही. अशात काळ्या जमिनीत रोज पाणी घातलं तर आळ्यात दलदल होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. यात वरची-खालची सगळीच पानं मलूल होतात. गंमत अशी की पाणी कमी पडल्यावर झाड जसं माना टाकतं, तसंच ते पाणी जास्त झाल्यावरही टाकतं. माना टाकलेलं झाड बघून घरचे आणखी पाणी घालतात आणि सगळं संपतं. म्हणून पाणी देण्याआधी बोट मातीत खुपसून बघायचं. दोन इंच खाली ओल लागली तर पाणी द्यायचं नाही.

तिसरं कारण लोहाची कमतरता. यात नवीन, शेंड्याची पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त दिसतं, थंडीत आणखी वाढतं. यावर फेरस सल्फेटची फवारणी चालते, लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात. पण ती कडाक्यात करून उपयोग नाही. ऊब आल्यावर, नवी पालवी सुरू झाली की करावी.

थंडी सगळीकडे सारखी नसते

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलं जाणारं किमान तापमान कडाक्याच्या दिवसांत ५ अंशांच्याही खाली जातं आणि निफाडची थंडी राज्यभर बातमीत येते. पण एकाच गावात दोन घरांच्या अंगणात थंडी वेगवेगळी असते, हे अनुभवी शेतकऱ्याला माहीत आहे.

थंड हवा जड असते. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन खोलगट जागी साचते. म्हणून नदीकाठची, ओढ्याजवळची, खोलगट रानं आधी गारठतात. टेकाडावरचं रान त्याच रात्री दोन-तीन अंशांनी उबदार असू शकतं. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात, सातपुड्यात डाब आणि तोरणमाळकडे दहिवर गोठतं तेही अशाच रात्री.

जास्वंद लावताना म्हणूनच जागा महत्त्वाची. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीला लागून लावलेलं झाड सगळ्यात सुखी. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. उत्तरेचं बोचरं वारंही भिंत अडवते. मोठ्या आंब्या-चिंचेच्या कडेला लावलेल्या झाडावरही फांद्यांचं छत असतं, तिथे दहिवर कमी पडतं, पण सावली जास्त झाली तर फुलं कमी येतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे उघड्या बांधाचा उत्तरेकडचा खोलगट कोपरा.

पूर्वेची उघडी जागा चांगली वाटते, पण कडाक्याच्या दिवसांत तिथे एक अडचण असते. रात्री गारठलेल्या पानावर सकाळी एकदम ऊन पडलं की पान जास्त करपतं. ऊन हळूहळू यायला हवं.

जास्वंद एक नाही

बाजारात आणि ऑनलाइन जास्वंदीच्या नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. थंडी सोसण्याची ताकद प्रत्येकाची निराळी आहे.

*देशी लाल, एकेरी पाकळीची :* आपल्याकडची सगळ्यात काटक. जुनं झाड निफाडची थंडी सोसून दर वर्षी पुन्हा फुटतं. पूजेला आणि बाजाराला हीच चालते. पहिल्यांदा लावणाऱ्याने हीच लावावी.

*दुहेरी पाकळीची लाल, गुलाबी, केशरी :* देशीच्या खालोखाल. थंडीत कळ्या जास्त गळतात, कारण भरगच्च कळीला उमलायला जास्त ऊब लागते.

*मोठ्या फुलांच्या संकरित जाती :* दोन-तीन रंगांच्या, वीतभर फुलाच्या. दिसायला देखण्या, पण मुळाने नाजूक. थंडीत आधी याच जातात. या कुंडीतच ठेवाव्यात, म्हणजे उचलून ओट्यावर आणता येतात.

*झुंबरासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची :* ही वेगळी जात, मूळ पूर्व आफ्रिकेतली. थंडीला हळवी.

*सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लाल होणारी :* हिला काही भागात गुले-अजायब, काही भागात स्थलपद्म म्हणतात. ही थंडीला चांगलीच काटक. कडाक्यात पानं झडतात, फांद्या वाळल्यासारख्या दिसतात, पण बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते. ज्यांच्या अंगणात दर वर्षी जास्वंद जाते त्यांनी ही लावून बघायला हरकत नाही.

यापलीकडे खरोखर बर्फाळ प्रदेशात टिकणाऱ्या दोन जाती आहेत. एक हिबिस्कस सिरियाकस. नावात सिरिया असलं तरी ती मूळची पूर्व आशियातली. दक्षिण कोरियाचं ते राष्ट्रीय फूल. हिवाळ्यात सगळी पानं टाकून नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि वसंतात पुन्हा पालवी येते. हिच्यात निळसर-जांभळ्या रंगाची फुलं असतात. ऑनलाइन निळी जास्वंद म्हणून जी दाखवली जाते ती बहुतेक हीच, आणि चित्रात दिसतो तेवढा गर्द निळा रंग प्रत्यक्षात नसतो. दुसरी हिबिस्कस मॉस्च्युटोस, उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागेतली. हिची फुलं ताटाएवढी, २० ते २५ सेंटिमीटर रुंद. हिवाळ्यात ही जमिनीपर्यंत पूर्ण वाळते, फक्त मूळ जिवंत राहतं. उणे २५-३० अंशांची थंडीही ते मूळ सोसतं.

मग या जाती आपल्याकडे लावायच्या का? घाई करू नये. आपली कडाक्याची थंडी सलग काही दिवसांची, फार तर दोन-तीन आठवड्यांची असते. एप्रिल-मेमध्ये मात्र पारा ४० च्या आसपास जातो आणि विहिरी तळ गाठतात. पाणथळ जागेतलं ताटाएवढ्या फुलाचं झाड त्या वेळी सतत ओल मागतं. थंडीत वाचलं तरी उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. आपल्या थंडीला परदेशी झाड हे उत्तर नाही. देशी झाडाची वेळेवर निगा एवढंच पुरतं.

खरेदीतली एक फसवणूकही इथेच सांगायला हवी. आपल्या लाल जास्वंदीला सहसा बी धरत नाही. ती छाट कलमानेच वाढते. त्यामुळे रंगीबेरंगी जास्वंदीच्या बियांचं पाकीट कुणी विकत असेल तर त्यात आपली जास्वंद असण्याची शक्यता फार कमी. रोप घ्यायचं ते जवळच्या रोपवाटिकेतून, मुळं आणि पान बघून, आणि शक्यतो जून-जुलैत. डिसेंबरात उबदार शेडनेटमधून आणलेलं रोप एकदम उघड्यावर लावलं तर ते हमखास गारठतं.

थंडीआधीची कामं

थंडीची तयारी दिवाळीच्या आधी व्हायला हवी.

- नत्राचं खत (युरिया, कोंबडीखत) ऑक्टोबरनंतर बंद. उशिरा खत दिलं की कोवळे शेंडे फुटतात आणि पहिल्याच कडाक्यात ते करपतात.
- मोठी छाटणी ऑगस्ट अखेरपर्यंत उरकावी. कारण तेच, उशिरा कापलं की कोवळी फूट थंडीत सापडते.
- आळ्यात पाचट, भुसकट किंवा वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो आणि उंदीर घर करतात.
- पावसाळ्यातच चार-पाच छाट कलमं करून ठेवावीत. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यायची. खालची पानं काढून वाळू आणि शेणखताच्या पिशवीत लावली की महिना-दीड महिन्यात मुळं धरते. मोठं झाड गेलंच तर हाताशी रोप असतं. हेच कलम डिसेंबर-जानेवारीत केलं तर काडी वाळते किंवा कुजते.

कडाक्याच्या दिवसांत

*पाणी :* जमिनीतल्या झाडाला जमिनीच्या मगदुराप्रमाणे आठ-दहा दिवसांनी पुरतं. कुंडीतल्या झाडाला बोट खुपसून, माती सुकली असेल तरच. वेळ सकाळी दहानंतर किंवा दुपारी. संध्याकाळी पाणी देऊ नये, पानांवर तर मुळीच नको.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. थंडीची लाट येणार असं हवामान खात्याने सांगितलं आणि माती अगदी कोरडी असेल, तर आदल्या दिवशी दुपारी हलकं पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात त्यामागेही हेच आहे. शिवाय विहिरीचं, बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. पण हलकं पाणी म्हणजे हलकंच, आळं तुडुंब भरायचं नाही.

*पांघरूण :* दिवस मावळायच्या आत झाडावर जुनी साडी, गोणपाट किंवा शेडनेट टाकावं. ते जमिनीपर्यंत आलं पाहिजे, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. नुसतं शेंड्यावर टाकून उपयोग नाही. प्लॅस्टिकचा कागद वापरायचाच असेल तर चार काठ्या रोवून त्यावर टाकावा. पानाला चिकटलेलं प्लॅस्टिक तेवढ्या जागी पान करपवतं. सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचं.

*कुंड्या :* कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो, म्हणून कुंडीचं झाड जमिनीतल्या झाडाच्या आधी मार खातं. कुंड्या ओट्यावर, भिंतीला लावून, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. थेट फरशीवर न ठेवता खाली विटा किंवा फळी द्यावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

*शेकोटी :* बांधाला ओळीने झाडं असतील तर वाऱ्याच्या बाजूने लहान शेकोट्या चालतात. मात्र झाडापासून अंतर ठेवावं आणि पाचट टाकलेल्या आळ्याजवळ तर आग नकोच.

*कात्री :* या दिवसांत कात्री खुंटीला. वाळलेल्या, काळवंडलेल्या फांद्याही कापायच्या नाहीत. त्या वाईट दिसत असल्या तरी खालच्या जिवंत भागाला आडोसा देतात.

मेली की जिवंत, कसं ओळखायचं?

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री १५ अंशांच्या वर राहायला लागल्या की झाड तपासावं. फांदीची साल नखाने हलकी खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली सरकून पुन्हा बघायचं. असं करत हिरवं जिथे लागेल तिथे, डोळ्याच्या जरा वर, तिरका काप घ्यावा. सगळ्या फांद्या कोरड्या निघाल्या तरी बुंध्याजवळ जमिनीलगत खरवडून बघावं. तिथे हिरवं असेल तर झाड उपटू नये, मार्च अखेरपर्यंत थांबावं.

झाड धडधाकट असेल तरी याच वेळी एक तृतीयांश छाटणी करावी. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. नवी फूट नाही तर फूल नाही. छाटणीनंतर आळं भुसभुशीत करून दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत घालावं आणि पालवी दिसायला लागली की पाणी हळूहळू वाढवावं. दीड-दोन महिन्यांत, म्हणजे एप्रिलच्या सुमारास झाड पुन्हा कळीवर येतं.

माघी गणेश जयंतीला फूल हवं असेल तर

जानेवारीत निफाडच्या उघड्या रानातून भरपूर जास्वंद निघेल अशी आशा करू नये. त्या दिवसांत कळी येते ती किनारपट्टीवरून. वसई-पालघरकडे समुद्रामुळे रात्री एवढ्या गारठत नाहीत. पण घरच्या देव्हाऱ्यापुरती किंवा गावातल्या मंदिरापुरती फुलं मिळवता येतात.

त्यासाठी दोन-तीन देशी जास्वंदी मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावून दक्षिण भिंतीशी ठेवाव्यात. ऑगस्टच्या अखेरीस त्यांची हलकी छाटणी करावी, म्हणजे दिवाळीपर्यंत फूट पक्की होते आणि तिच्यावर कळ्या धरतात. दिवसभर पूर्ण ऊन आणि रात्री ओट्याचा आडोसा मिळाला तर त्यातल्या बऱ्याच कळ्या टिकतात.

दुसरी सोपी युक्ती फूल विकणाऱ्या बाया नेहमीच वापरतात. पूर्ण रंग आलेली, लांबट झालेली, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी देठासह खुडायची. ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून घरात ठेवायची. खुडलेली पक्व कळी झाडापासून सुटली तरी सकाळी उमलते. झाडावर राहिली असती तर पहाटेच्या गारठ्यात ती अर्धवटच उघडली असती. हिरवी, आखूड कळी मात्र अशी उमलत नाही, ती खुडून वाया घालवू नये.

द्राक्षबागेच्या कडेला जास्वंद नको

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालणार नाही. जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा जो पिठ्या ढेकूण दिसतो, त्यातली गुलाबी रंगाची जात द्राक्षावरही येते. इंग्रजीत तर तिला जास्वंदीच्याच नावाने ओळखतात. थंडीत हा ढेकूण सालीखाली, फांद्यांच्या बेचक्यात दबून बसतो. ऊब वाढली की बाहेर पडतो आणि मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात. ती वेळ द्राक्ष काढणीची असते. घडात ढेकूण शिरला की चिकटा आणि काळी बुरशी येते, निर्यातीचा माल घरी राहतो. काढणी तोंडावर असताना औषधही मारता येत नाही, कारण अंश राहतो.

म्हणून द्राक्षबागेच्या कुंपणाला किंवा बांधाला जास्वंद लावू नये. आधीच असेल तर थंडीत पानं विरळ झालेली असताना झाड नीट तपासावं. ढेकूण दिसले तर ती फांदी कापून जाळून टाकावी (कात्री खुंटीला ठेवण्याच्या नियमाला हा एकच अपवाद). घरच्या एक-दोन झाडांवर पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेला बोळा पुरतो. मुंग्यांची वारुळं मोडणंही तितकंच गरजेचं. क्रिप्टोलेमस हा मित्रकीटक पिठ्या ढेकूण खातो. त्याच्या अळ्याही पांढऱ्या, कापसासारख्याच दिसतात, पण त्या मोठ्या असतात आणि भरभर चालतात. त्यांना ढेकूण समजून मारू नये.

परदेशी गेलेल्यांसाठी

जिल्ह्यातल्या अनेक घरांतली मुलं-मुली अमेरिका, कॅनडा, इंग्लंडला आहेत आणि गणपतीला जास्वंद मिळत नाही ही तक्रार फोनवर ऐकू येते. तिथे दोन्ही प्रकारच्या जास्वंदीचा उपयोग होतो. आपली लाल जास्वंद तिथे कुंडीतच लावायची. रात्रीचं तापमान १० अंशांपर्यंत उतरण्याआधी ती घरात आणायची, सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी ठेवायची आणि पाणी कमी करायचं. आत आणल्यावर पानं गळतात, त्याने घाबरू नये. उन्हाळा आला की एकदम उन्हात न ठेवता आठ-दहा दिवस सावलीत सवय करून मग बाहेर काढायची.

ताटाएवढ्या फुलाची मॉस्च्युटोस मात्र तिथे थेट जमिनीत लावता येते. ती साधारण जुलै ते सप्टेंबर फुलते आणि गणेशोत्सवही ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो. तिच्यात लाल रंग मिळतो. ही झाडं वसंतात फार उशिरा फुटतात. बाकीची बाग हिरवी झाली तरी मे अखेरपर्यंत जमिनीवर काहीच दिसत नाही आणि मेलं समजून लोक खणून टाकतात. म्हणजे घाईने उपटण्याची चूक इथेही तीच आणि तिथेही तीच.

थोडक्यात

- ऑक्टोबरनंतर नत्र बंद, मोठी छाटणी ऑगस्टपर्यंत.
- थंडीत पाणी मातीला बोट लावून, दुपारच्या आत-बाहेर.
- पांघरूण जमिनीपर्यंत, सकाळी काढायचं.
- फेब्रुवारी अखेरपर्यंत वाळल्या फांदीलाही कात्री नाही. ढेकूण असलेली फांदी तेवढी कापायची.
- द्राक्षाच्या बांधाला जास्वंद नको.
- बियांच्या पाकिटांना भुलू नका.
- उपटण्याआधी बुंधा नखाने खरवडून बघा. हिरवं दिसलं तर झाडाला आणखी महिनाभर द्या.